दुहेरी गाळणं

सोनाक्काचं गाळणं मांजरपाटाचं,
दुहेरी, कडा हातानं शिवलेल्या.
हंड्याच्या तोंडावर ताणून बांधायची,
घागर ओतायची हळू,
आणि पाणी खाली उतरलं की
कापड उलटं करून, गाळल्या पाण्यानंच विसळून
ते विसळण परत त्याच विहिरीत सोडायची,
दोरानं, पार पाण्याला टेकेपर्यंत,
कारण वरून ओतलं तर आपटतात जीव.

डोळ्यांना न दिसणाऱ्यांची
एवढी काळजी घेणारं माणूस
मी दुसरं बघितलं नाही.

विहीर मळ्यातली, आष्ट्याच्या अलीकडं.
चारी बाजूंनी ऊस,
पाण्याला जायचं तर पात्यांनी गाल चिरायचे.
एकरी शहाण्णव टन.
कारखान्यानं त्या वर्षी पितळी ढाल दिली काकांना,
अजून चिंचेनं घासली जाते.
युरिया मीही फेकलाय, दहावीच्या सुट्टीत,
पाटीतून, मुठीमुठीनं.
सरीत पडलेला साबुदाण्यासारखा दिसायचा
आणि दुपारच्या पाण्याबरोबर दिसेनासा व्हायचा.
कुठं जातो,
ते विचारायचं सुचलं नाही.

आता मी सांगलीत, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत.
बाटल्या येतात, गावाचं नाव चिकटवून.
ही बाटली मी स्वतः आणली, एस.टी.तून, मांडीवर धरून.
रंग : नाही.
वास : नाही.
चव : तक्रार नाही.
नायट्रेट : एकशे अठरा.
मर्यादा पंचेचाळीसची.
दोनदा केलं. तिसऱ्यांदा
शेजारच्या टेबलावरच्या कुसुमताईंना करायला लावलं.
त्यांनी आकडा वाचला आणि
गाव कुठलं, एवढंच विचारलं.

मिरजेचे डॉक्टर सावध बोलतात.
साखर नाही, म्हणाले, प्रेशर बेताचं.
गुडघ्याच्या गोळ्या किती वर्षं खाल्ल्या?
पाण्यानंच किडन्या गेल्या असं मी लिहून देणार नाही.
मग पेनाला टोपण लावता लावता :
पण ते पाणी थांबवा. आजपासून.

'उकळून पीत हुते की रं मी,' सोनाक्का म्हणाली,
'चातुर्मासात तर एक दीस चुकला न्हाई.'

मला तिला सांगता आलं नाही
की उकळलं की पाणी उडतं
आणि ते मागं राहतं.
नेम जितका कडक पाळला
तितकं दाट झालं तिच्या पातेल्यात.

सोमवार आणि गुरुवार. सकाळची साडेसहाची गाडी.
मशीन चार तास फिरतं.
इलियास मुजावर म्हणून पोरगं आहे तिथं, सुई अशी घालतं
की सोनाक्का त्यालाच हुडकते.
तो सांगतो, हे पण गाळणंच आजी,
केसासारख्या नळ्यांचं.
तुमच्या रक्ताच्या पलीकडनं एका वेळेला
एकशेवीस लिटर पाणी जातंय.

'एकशेवीस?'

घरी तिला दिवसाला सातशे मिली.
तांब्यावर सुनेनं नेलपॉलिशनं रेघ मारलीय,
चहा त्यातच, गोळ्या त्यातच.
संध्याकाळी ती रेघ बघते, पाणी बघते,
आणि सूर्य मावळायच्या आत एक घोट
जिभेवर धरून बसते.

विहिरीच्या कठड्यावर पंचायतीची लाल अक्षरं :
पिण्यास अयोग्य.
उसाचं काहीच म्हणणं नाही, तो हिरवागार.

घरात आता निळा जार येतो, वीस लिटरचा.
पोरांनी किती सांगितलं,
आक्का, हे मशीनचं पाणी, यात काही नसतंय.
तरी ती हंड्यावर गाळणं बांधते,
ओतून घेते, कापड उलटं करते, विसळते.

आणि थांबते.

जारवाल्याला तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं,
बाबा, कुठल्या विहिरीचं पाणी हे?
त्याला ठाऊक नव्हतं.

विसळणाची वाटी हातात धरून
ती दारात उभी असते,
रस्त्याकडं बघत,
टेम्पो गेला त्या बाजूला.